मुलांचं ऐकायला गावातलीच माणसं चालतील का?

नमस्कार ताई,
धारूर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. आठवी ते दहावी, अडीचशेच्या आसपास मुलं. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. तोवर मुलं आजीआजोबांकडे, नाहीतर मोठ्या बहिणीच्या जिवावर. यंदा मारामाऱ्या वाढल्यात. दोघीतिघी वर्गात नुसत्या बसून असतात. नववीतल्या एकीच्या वहीत मागच्या पानावर 'मला जगायचं नाही' असं लिहिलेलं वर्गशिक्षिकेला सापडलं. आम्ही बोलावून समजावलं, तर 'गंमत केली' म्हणाली. शाळेला समुपदेशक नाही. मानसोपचारतज्ज्ञ अंबाजोगाईला, नाहीतर बीडला. गावात मदतीला तयार असलेली माणसं मात्र आहेत: आशाताई, निवृत्त पोस्टमास्तर, बचत गटाच्या अध्यक्षा, एम.ए. झालेली आमचीच माजी विद्यार्थिनी, पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा. संस्थेचे सचिव म्हणतात, महाराजांचं व्याख्यान ठेवू, तेवढं पुरे. सहकारी म्हणतात, हे तज्ज्ञांचं काम, शिक्षण नसलेल्यांनी हात घातला तर वाटोळं होईल. मी कोणाचं ऐकू?
एक मुख्याध्यापिका, बीड जिल्हा

बाई,

बाकी सगळं नंतर. आधी नववीतल्या त्या मुलीचं बघा, आणि उद्याच बघा. तिचा ज्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे अशा एका शिक्षिकेने तिला एकटीला घेऊन बसावं आणि सरळ विचारावं: "तू लिहिलेलं मी वाचलं. जीव द्यावा असं मनात येतं का? कधीपासून? कसं करायचं तेही ठरवलंयस का?" असं विचारलं की मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी भीती बहुतेक शिक्षकांना वाटते. शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. विचारल्याने मूल मोकळं होण्याची शक्यताच जास्त. तुम्ही तिला समजावलंत, त्यामागची कळकळ मला कळते. पण समजावणं सुरू झालं की मूल गप्प होतं, आणि सुटका म्हणून 'गंमत केली' म्हणतं.

ती 'हो' म्हणाली, किंवा 'नाही' म्हणताना नजर चुकवली, तर त्या दिवशी तिला एकटं सोडू नका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. "तुला जपायला ज्यांची गरज आहे त्यांना मी सांगणार, आणि सांगण्याआधी तुला कळवणार" इतकं म्हणा. आजीला विश्वासात घ्या, आईवडिलांना उसाच्या फडावर फोन करा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात तिला दाखवा, सोबत शाळेतलं कोणीतरी जाऊ द्या. रात्री-अपरात्री अडलात तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पुढे कसं जावं हे विचारायला तुम्ही स्वतःही तिथे फोन करू शकता.

आणखी एक काम त्याच दिवशी. कापसाच्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात, खाटेखाली, कुठेही ठेवलेलं असतं. आजोबांना सांगून ते कुलपात टाका, नाहीतर शेजारी हलवा. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात हाताशी विष नसणं हीच मोठी राखण असते.

आणि तिला जपून हेही विचारा की घरात लग्नाची बोलणी चालली आहेत का. तुमच्या भागात नववीतली मुलगी अचानक अबोल होते तेव्हा हे कारण डोक्यात ठेवावंच लागतं. तसं असेल तर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक जबाबदार आहेत, आणि मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवता येतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. गावातली माणसं चालतात, आणि काही बाबतीत तज्ज्ञांपेक्षा आधी पोहोचतात. हे मी नुसत्या आशेवर म्हणत नाही. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रकल्प झाला. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचं हे काम, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चौऱ्याहत्तर शाळांचे तीन गट केले. एका गटात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीकडे काम सोपवलं. तिला 'सेहर मित्र' म्हणत. दुसऱ्या गटात तेच काम, तेच साहित्य शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचं चालू ठेवलं. काम फार अवघड नव्हतं: परिपाठाला बोलणं, भित्तिपत्रक, मुलांना चिठ्ठी टाकायला पेटी, विद्यार्थ्यांचे गट, शाळेची समिती, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. वर्ष सरताना 'सेहर मित्र' असलेल्या शाळांमधलं वातावरण स्पष्टपणे सुधारलं होतं. दादागिरी, मारामाऱ्या आणि मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली होती. शिक्षकांनी तेच काम केलेल्या शाळा मात्र नेहमीचंच चालू ठेवलेल्या शाळांपेक्षा पुढे गेल्या नाहीत.

तुमच्या सहकाऱ्यांनी हा निकाल मनाला लावून घेऊ नये. शिक्षकाला मन नसतं असं यातून कोणी काढू नये. मला जे कारण दिसतं ते असं, की ज्याच्या हातात मार्क आहेत, हजेरी आहे, आईबापांना बोलावण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढे मूल मोजून मापून बोलतं. त्यात निवडणूक, जनगणना, शालेय पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून शिक्षकाला निवांत बसायला वेळ कुठे मिळतो? आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायचं ठरलेलं आहे. त्यांनी घ्यायचे आरोग्याचे तास जरूर घ्या. पण एकट्या मुलाचं ऐकायचं काम त्याच दोघांच्या गळ्यात मारू नका.

म्हणून माणूस निवडताना माझी पहिली कसोटी शिक्षणाची नसते. या माणसाची मुलावर किंवा मुलाच्या घरावर काही सत्ता चालते का, हे मी आधी बघते. त्याच कसोटीवर तुमची यादी बघू.

बचत गटाच्या अध्यक्षा चांगल्या असतील, मला शंका नाही. पण त्या हप्ता वसूल करतात. ज्या घराचा हप्ता थकलाय त्या घरची मुलगी त्यांच्यासमोर घरातली भांडणं उलगडणार नाही. त्यांना मुलांकडे नको, आज्यांकडे पाठवा. सहा महिने नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या स्वतःच थकलेल्या असतात, त्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवणारं कोणी नसतं. ते काम या बाईंना छान जमेल. याच कसोटीने मुकादमाच्या, म्हणजे तोडीला टोळी नेणाऱ्याच्या, घरचं माणूस अजिबात नको, कितीही शिकलेलं असो; मजुरीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच घरातून आलेली असते.

आशाताई घराघरात पोहोचलेल्या आहेत, पण त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. त्यांनी फक्त दुवा व्हावं: कुठल्या घरात कोण आजारी आहे, दारू वाढली आहे, कुठली मुलगी शाळेतून काढायचं चाललंय. शिवाय किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांमधली 'मैत्री' क्लिनिकं कुठे आणि कोणत्या दिवशी चालतात, हे त्यांना ठाऊक असतं.

पोस्टमास्तरांना मी मोठं काम देईन, मात्र ते ऐकण्याचं नसेल. मुलांचं दुःख पुष्कळदा कागदात अडकलेलं असतं. वडील वारले आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज कोणी भरला नाही. आधारवर नाव चुकलं म्हणून शिष्यवृत्ती अडली. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम सुरू केला, पुढे तो गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात पसरला. त्यात गावातलीच प्रशिक्षित माणसं दुःखी माणसाशी बोलतात, आणि त्याच्या हक्काच्या सरकारी योजनेपर्यंत त्याला पोहोचवतातही. मला त्या उपक्रमातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पोट आणि कागद बाजूला ठेवून मनाशी बोलता येत नाही. पोस्टमास्तरांकडे हे खातं द्या. आणि आणखी एक: फडावरच्या आईवडिलांशी मुलांचं आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बोलणं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, शाळेचा फोन. तोडीच्या पाळ्या बदलतात, फडावर रेंज नसते, म्हणून हे कोणीतरी चिकाटीने जुळवावं लागतं. तुमच्या शाळेतलं निम्मं दुखणं आईबापांच्या दुराव्याचं असणार. त्यावर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

भरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे मैदानावर पळतो. मारामाऱ्या करणाऱ्या पोरांना त्याच्याबरोबर पळू द्या. मुलगे खुर्चीवर समोरासमोर बसून बोलत नाहीत, बाजूबाजूने चालताना बोलतात. केनियात 'शमिरी' नावाच्या उपक्रमात नुकतीच शाळा संपवलेली तरुण मुलं माध्यमिक शाळेत छोटे गट घेतात, अवघी चार सत्रं, आणि नैराश्य व चिंता कमी झाल्याचं चाचणीत दिसलं. वयाने जवळचा माणूस चालतो, हे त्यातून कळतं. फक्त हा मुलगा भरती लागली की जाणार, हे धरून चाला, आणि मुलांनाही ते आधी सांगा. जी मुलं दरवर्षी आईबापांना निरोप देतात त्यांच्यापुढून आणखी एक माणूस न सांगता नाहीसा होऊ नये.

राहिली तुमची एम.ए. झालेली माजी विद्यार्थिनी. मुख्य काम हिच्याकडे द्यावं असं माझं मत आहे, आणि दुसऱ्या गावची एखादी तिच्याबरोबर जोडीला. दुसऱ्या गावची एवढ्यासाठी, की गावात सगळे एकमेकांचे नातलग. "हिला सांगितलं की संध्याकाळी मावशीला कळणार" ही भीती मुलांना असते, आणि ती खरी असते. निवडताना एकाच भावकीतली, एकाच समाजातली माणसं घेऊ नका. तांड्यावरच्या किंवा वस्तीवरच्या मुलीला सांगायला जवळचं वाटेल असं निदान एक माणूस हवंच. गेल्या काही वर्षांत तुमच्या जिल्ह्यात माणसं जातीवरून किती दुरावली आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता आहात. मुलं ते सगळं वर्गात घेऊन येतात.

आता सहकाऱ्यांच्या 'वाटोळं होईल' या शंकेकडे येते. शंका रास्त आहे. चांगल्या मनाचं, न शिकवलेलं, एकटं सोडलेलं माणूस नुकसान करू शकतं. ते उपदेश करतं, देवाधर्माच्या शपथा घालतं, मुलाच्या बापाला जाऊन जाब विचारतं आणि रात्री त्या मुलाला मार खावा लागतो. याला उतारा दोन गोष्टींचा: काम लहान ठेवायचं, आणि पाठीशी जाणतं माणूस ठेवायचं.

लहान काम म्हणजे काय? दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये 'प्राइड' प्रकल्पात पदवीधर पण व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली: अडचण नेमकी काय ते शब्दांत मांड, तिच्यावर करता येण्यासारखे दोनचार मार्ग शोध, त्यातला एक करून बघ आणि पुढच्या वेळी सांग. वीस-तीस मिनिटांच्या चारपाच भेटी, तीन आठवड्यांत. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा त्रास नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाला. मानसिक लक्षणांच्या मोजणीत मात्र सुरुवातीला तसा ठळक फरक दिसला नव्हता. तेव्हा यातून आजार बरे होतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण "गणिताच्या तासाला सर उभं करतात म्हणून शाळेत यावंसं वाटत नाही", "घरी स्वयंपाक माझ्यावर आहे, अभ्यास होत नाही", "बसमध्ये एक जण त्रास देतो" अशा अडचणींनीच बहुतेक मुलं वाकलेली असतात. त्या सोडवायला पदवी लागत नाही, धीर लागतो.

तुमच्या दोन ताईंनी शिकायचं ते इतकंच: ऐकताना मध्ये न बोलणं, सल्ला गिळणं, वर सांगितलेल्या तीन पायऱ्या, धोक्याची चिन्हं ओळखणं, आणि 'हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे' असं म्हणणं. पुस्तकातून हे येत नाही. एकीने मुलगी व्हायचं, दुसरीने ताई, तिसरीने बघायचं, असं करत करत येतं. यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बीडच्या पथकाला आणि अंबाजोगाईच्या मनोविकृतीशास्त्र विभागाला लेखी पत्र द्या. नुसतं 'एक दिवसाचं शिबिर घ्या' असं लिहू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर या दोघींशी कोण बोलेल, त्याचं नाव मागा. दिल्लीच्या त्या प्रकल्पात आठवड्याची ही बैठक नियमित होती. ती बंद पडली की काम बंद करा, असंच मी सांगेन. ऐकणाऱ्यालाही कुठेतरी रितं व्हावं लागतं.

गुप्ततेचं आधीच ठरवा. मूल सांगेल ते बाहेर जाणार नाही, याला अपवाद दोन: जिवाला धोका, आणि लैंगिक अत्याचार. दुसऱ्या बाबतीत पोक्सो कायद्याने कोणालाही गप्प बसता येत नाही. नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं ताईंवरही बंधनकारक आहे आणि तुमच्यावरही. न कळवणं हा गुन्हा आहे. 'शाळेची बदनामी होईल' हे वाक्य त्या वेळी कोणीतरी म्हणेलच. तेव्हा तुम्ही ताईच्या बाजूने उभ्या राहायचं आहे. मुलाला हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगायचे, त्याने सांगून झाल्यावर नव्हे.

उलट बाजूही आहे. ही माणसं मुलांच्या जवळ जाणार, म्हणून त्यांचीही पोलीस पडताळणी करून घ्या, ओळखीची असली तरी. बसायची जागा अशी हवी की सगळ्यांना दिसेल पण कोणाला ऐकू जाणार नाही: व्हरांड्याचं टोक, ग्रंथालयाचं उघडं दार, लिंबाखालचा बाक. मुख्याध्यापकांची खोली नको. वेळ शाळेतलीच, कारण मुलींना एसटी गाठायची असते. मुलांशी व्हॉट्सॲपवर बोलणं नाही, भेटवस्तू नाही, घरी बोलावणं नाही. नोंदवहीत नाव लिहू नका, क्रमांक लिहा, आणि ती वही तुम्हीही उघडू नका. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तुमची कागदावर असेल तर ती आता खरी करा, आणि या कामावर देखरेख तिच्याकडे द्या. पालकांची संमती दसऱ्याआधी घ्या, माणसं फडावर गेल्यावर सह्या मिळत नाहीत. यंदा ती वेळ गेली असेल तर फोनवर बोलून घ्या आणि दोन साक्षीदारांसमोर नोंदवा.

सचिवांना दोन गोष्टी सांगा. व्याख्यानाने नुकसान होणार नाही, पण फार काही हाती लागणारही नाही. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाच्या मोठ्या अभ्यासात शिक्षकांनी सगळ्या वर्गाला मन शांत करण्याचे तास दिले, २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या शिकवणीपेक्षा फायदा दिसला नाही. मग एका दुपारच्या भाषणाने अडीचशे मुलांचं काय होणार? महाराजांना मात्र सोडू नका. सप्ताहात त्यांचं कीर्तन ऐकायला गाव लोटतं. तिथे त्यांनी मोठ्यांना सांगावं, की मूल घुम्यासारखं बसलं, झोपेना, जेवेना, अंगात आल्यासारखं करायला लागलं तर ते बाहेरचं नसतं, भानामती नसते, दवाखान्यात दाखवायचं. हे मी सांगून लोक ऐकणार नाहीत, त्यांनी सांगितलं तर ऐकतील.

दुसरी गोष्ट पैशांची. 'गावची माणसं आहेत, सेवा म्हणून करतील' असं सचिव म्हणतील, ते मान्य करू नका. त्या दोन ताईंना दरमहा मानधन हवं, जाण्यायेण्याचं भाडं हवं. फुकटचं काम कापूस वेचणी आली की थांबतं, आणि मूल वाट बघत बसतं. आणि या माणसांमुळे समुपदेशकाची गरज संपली, असंही कोणाला म्हणू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. तुमच्याकडे अडीचशे मुलं आहेत. एका हाताने गावातली माणसं उभी करा, दुसऱ्या हाताने शिक्षणाधिकाऱ्यांकडे त्या पदाची मागणी लावून धरा, आसपासच्या दोनतीन शाळांना मिळून एक जण मिळाला तरी चालेल. पत्राची पोच घ्या.

सुरुवात नववीच्या एकाच वर्गापासून करा. पाडव्यापर्यंत चालवा. मग नोंदवहीतले नुसते आकडे पाहा: किती मुलं स्वतःहून आली, किती जणांना शिक्षकांनी पाठवलं, मुलगे किती, तांड्यावरची किती, किती जण पुन्हा आली. फक्त धाडलेलीच येत असतील तर बसायची जागा बदला. एखाद्या वस्तीवरून एकही मूल आलं नसेल तर माणूस बदला. मग पुढच्या जूनमध्ये आठवी आणि दहावी.